पट्टी कुणी चढवली

शनिवार, संध्याकाळ

आमच्या शाळेला समूहगायनात पहिलं बक्षीस मिळालं आणि मी तोंड फुगवून बसले आहे. आईला वाटतंय दमले. दमले नाही. माझी पट्टी काळी चार. तीन महिने त्यातच सराव केला. मग स्टेजवर आमच्या पेटीवाल्या हेतलने एक सूर वरची काळी पाच का धरली? चुकून? ती चुकत नाही. मधला एकटीने गायचा अंतरा तिला हवा होता, मला माहीत आहे. तिथे माझा आवाज फाटणार असंच वाटलं. फाटला नाही. टाळ्या पडल्या, पण मी हेतलकडेच बघत होते. काळी पाच!

परतताना रिक्षात विचारलंच. ती म्हणाली, "मने बेने कह्युं'तुं." म्हणे बेननीच सांगितलं होतं. बेन म्हणजे आमच्या गाण्याच्या शिक्षिका ताराबेन. मी तिला तोंडावर खोटारडी म्हटलं.

घरी येऊन बेनना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "हो, मीच सांगितलं. तुझा आवाज वरच उघडतो. आधी बोलले असते तर गायली असतीस?"

नसते गायले. ते त्यांनाही माहीत होतं.

पण दोघींना ठाऊक आणि गाणारीलाच नाही, हे कसलं? आवाज फाटला असता तर हसं कुणाचं झालं असतं? सोमवारी हेतलची माफी मागायची आहे. बेन शेवटी "छान गायलीस" म्हणाल्या. मी "बरं" म्हणून फोन ठेवला.