जवळ्याचा पापड आणि हेमाचं ‘बरं’

दि. ३ मार्च
हेमाचं पुन्हा तेच. नागलीच्या पापडात जवळा घालू म्हणते. धाकटी जाऊ माझी, माहेर समुद्रकाठचं झाई गाव, तिला सुकटीपलीकडे सुचणार काय! म्हटलं, अगं, आपलं अर्धं गिऱ्हाईक शाकाहारी. तर म्हणे, "ताई, साधा पापड घरोघरी लाटतात. आपला कोन कशाला घेईल?" मी नुसताच आवाज चढवला.

दि. ६
दिवसभर उकड नि भांडण. ती म्हणे आख्खा घालू, मी वासावर अडून. शेवटी जवळा खरपूस भाजून, कुटून, चाळून घेतला. लसूण-मिरची माझ्या हट्टाने. तळून खाल्ला. दोघींनी लगेच दुसरा उचलला. हा पापड एकटीने तिलाही जमला नसता, मलाही नाही.

दि. ११
वाणगावच्या बाजारात जवळ्याचे तासाभरात खलास. साधे निम्मे परत. हेमा वाटभर नुसती हसत होती. चीड आली, बरंही वाटलं.

दि. १५
घात. जवळ्याचे ज्या साडीवर वाळवले, ती मी नुसती झटकली नि तिच्यावरच साधे घातले. साधे घेणाऱ्या तलासरीच्या गुजराती शेठनी सगळा माल परत दिला. "बेन, आमां माछलीनी वास आवे छे." साध्या पापडाला मासळीचा वास! माझ्या तोंडून निघून गेलं, "हिच्या डोक्यातलं खूळ, शेठ. बंद करतो आम्ही." हेमा शेजारीच, पिशवी धरून उभी. ती साडी न धुता मीच अंथरली, हे तिला माहीत होतं. परत आलेले पापड पिशवीत भरू लागली.

दि. १८
बंद कसलं करणार, वाणगावहून मागणी आहे. दोन साड्या, दोन पोळपाट, वार वेगळे. हेमाला विचारलं, चालेल ना? "बरं."
मिरची कमी करू? "बरं."

दि. २२
उकडीत पाणी जास्त झालं. ती बघत होती. एरवी हातातून तांब्या ओढला असता. सगळे पोळपाटाला चिकटले, गोळा फेकला. तिचा नन्ना बंद झाला नि माझंही डोकं चालेना.

दि. २५
सरळ माफी मागितली. चूक माझी, खापर तुझ्यावर फोडलं, म्हटलं. "असू दे, ताई." बस, एवढंच. मग मुद्दाम म्हणाले, जवळ्याच्या पापडात साखर घालू या.
तिचं लाटणं थांबलं. वाटच बघत होते, आता भांडेल.
"किती घालू?" म्हणाली.
साखरेचा डबा अजून माझ्याच हातात आहे.