अनुग्रह करून अपेक्षा करा

बाबा, आईच्या स्वयंपाकघरात बसून तुम्हाला लिहिते आहे. ती आत दुपारची जरा पडली आहे. उद्या सकाळी दलाल हा भवानीपूरचा फ्लॅट बघायला गिऱ्हाईक घेऊन येणार आहे, आणि त्याला येऊ द्यायचं की नको म्हणून कळवायचं, हे मला आजच ठरवायचं आहे. आईचे गुडघे बोलायला लागले आहेत, इथे लिफ्ट नाही, तेव्हा तिला न्यू टाउनला माझ्याकडे घेऊन जायचं असं मी ठरवून टाकलं होतं. ती हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "घर तिचं, गुडघे तिचे, मला काय विचारतेस?" मी लग्न करणार नाही म्हणाले तेव्हाही तुम्ही असंच काहीतरी म्हणून पेपर उघडला होतात. त्या दिवसापासून मी तुम्हाला मनातल्या मनात फार मोठा माणूस मानते. तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही थट्टेवारी नेलं असतं.

हल्ली जो तो आपल्या गेलेल्या आईवडिलांच्या तोंडी नव्या जमान्याविरुद्धची वाक्यं घालतो. आमचे वडील असते तर मोबाइल फेकून दिला असता, वगैरे. तुमच्या बाबतीत मला ती सोय नाही. खिदिरपूरला तुमच्या कस्टम्सच्या कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे लोक त्याच्याकडे सवतीसारखे बघत होते, आणि तुम्ही घरी येऊन बूट काढता काढता सांगत होतात, "अगं, चूक केली तरी ते चिडत नाही! आमच्या साहेबापेक्षा पुष्कळ बरं." दिवसभर तुमच्यासमोर परदेशी पेट्या उघडल्या जायच्या. कॅमेरे, टेपरेकॉर्डर, घडी होणारे पंखे. रात्री जेवताना तुम्ही त्यांचं वर्णन असं करायचात की आम्ही घास हातात धरून ऐकत बसायचो. मी एकदा रुसून विचारलं, आपण का नाही असलं काही घेत? तुम्ही म्हणालात, "बघून झाला ना आनंद? आता घरात आणून पुसत कोण बसणार?" त्यात त्याग नव्हता की कंजुषी नव्हती. तुम्हाला वस्तू खरोखर आवडायच्या, हव्याशा मात्र वाटायच्या नाहीत. आता सेक्टर फाइव्हमधल्या ऑफिसात बसून लोकांना वस्तू हव्याशा वाटाव्यात म्हणून मी प्रोग्रॅम लिहिते, तेव्हा अशा गिऱ्हाइकाचं काय करायचं हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नसतं.

आणि ती पाटी! बदली होऊन इकडे बंगालमध्ये आल्यावर तुम्ही ट्रामच्या आणि दुकानांच्या पाट्या वाचून बंगाली अक्षरं शिकलात. अक्षरं आली, अर्थ मात्र आपल्या मराठीतलेच लावत होतात. रेडिओ दुरुस्त करून घ्यायला गेलो होतो. काउंटरवर पाटी होती, तुम्ही बोट ठेवून मला मराठी करून वाचून दाखवलीत: "अनुग्रह करून अपेक्षा करा." तुमचा चेहरा उजळला. "बघ, काय सुसंस्कृत माणसं आहेत ही! आपल्याकडे दुकानात 'उधार मागू नये' लिहितात. इथे म्हणतात, कृपा करून अपेक्षा करा, अगदी निःसंकोच करा." मग तुम्ही दुकानदाराला हिंदीतून तुमच्या रेडिओबद्दलच्या अपेक्षा सांगायला सुरुवात केलीत. आवाज स्वच्छ हवा, मुंबई केंद्र लागलं पाहिजे. तो बिचारा ऐकत राहिला आणि शेवटी पाटीकडे हात करून म्हणाला, "दादा, एकटू बोशून ना!" जरा बसा हो! बंगालीत अपेक्षा करणं म्हणजे थांबणं, वाट बघणं, हे त्या दिवशी कळलं. तुम्ही इतके हसलात की त्याने चहा मागवला. परतताना म्हणालात, "दोन्ही एकच की. ज्याला थांबता येत नाही त्याने अपेक्षा कशाला करावी?" तेव्हापासून आपल्या घरात कुणी घाई केली की "अपेक्षा कर जरा" हेच उत्तर असायचं. पुण्याहून आलेली मावशी मात्र नेहमी गोंधळायची.

तुम्ही गेल्यावर आईने तुमची बाजाराची पिशवी घेतली. इथे बाजार पुरुषांनी करायचा असतो, तरी तुमच्या ओळखीचे भाजीवाले तिला सांभाळून घ्यायचे. गुडघे दुखायला लागले तेव्हा मीच तिच्या फोनवर घरपोच सामानाचं अ‍ॅप घालून दिलं. आई पटकन शिकली, तुमचीच बायको. मग माझ्या फोनवर तिच्या ऑर्डरींचे निरोप यायला लागले. सकाळी मिरच्या. तासाभराने कढीपत्ता. जेवणानंतर एक लिंबू. मला वाटलं, आईचं विसरणं सुरू झालं. आज सुट्टी टाकून आले ती हेच बघायला, आणि काळजीपोटी चिडूनच बोलले.

"आई, सगळं एकदम का नाही मागवत गं?"

ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "एकदम मागवलं तर एकदाच येतील."

तेवढ्यात बेल वाजली. घामाघूम झालेला एक पोक्त माणूस कोथिंबिरीची जुडी घेऊन उभा होता. "माशीमा, एकटू जोल खाबो," म्हणाला. मावशी, जरा पाणी खातो! पाणीसुद्धा ही माणसं खातातच. आईने पाण्याबरोबर बत्तासा दिला आणि मोडक्यातोडक्या बंगालीत त्याच्या बराकपूरच्या घराची, सुनेच्या बाळंतपणाची चौकशी केली. तो जिन्याच्या पायरीवर टेकला, पाणी प्यायला, नमस्कार करून गेला. बाबा, ज्या अ‍ॅपने माणसाला बाजारातून उठवून घरात बसवलं, त्याच अ‍ॅपमधून आईने बाजार दारात आणला आहे. आमच्या ऑफिसातल्या हुशार मंडळींच्या स्वप्नातही हा उपयोग आला नसता. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी उगाच भांडी विसळायला घेतली. त्या लोकांना जिने चढायला लावते म्हणून मला थोडं खटकलंही, ते मी तिला सांगितलं. "म्हणूनच तर बत्तासा," ती म्हणाली.

माझ्या इमारतीत सामान खाली गेटवर ठेवतात. वर कुणी येत नाही. तिथे लिफ्ट आहेत, बाग आहे, आणि आईच्या मिरच्यांसाठी सुरक्षारक्षकाचं टेबल आहे.

दलालाला येऊ नको म्हणून आत्ताच कळवलं. जिन्याला कठडा बसवून घेऊ, गुडघ्यांच्या डॉक्टरांना दाखवू, पुढचं पुढे. हे सगळं मी फोनवरच लिहिते आहे. खाली पाठवायचं बटण आहे, वर कुणाला पाठवायचं त्या नावाची जागा रिकामी आहे, ती तशीच राहील. आई उठली की तिला सांगेन, तुझ्यासाठीच रद्द केलं. ते खरंही आहे. पण तुम्हाला म्हणून सांगते, तिला घेऊन जायचं ठरवलं होतं ते काही तिच्यासाठी नव्हतं. गुडघ्यांचं निमित्त होतं. रोज ऑफिसातून आले की मी माझ्या किल्लीने माझं दार उघडते. ते कुणीतरी आतून उघडावं, म्हणून मला आई हवी होती.