पैसे भरलेत म्हणून

शनि. ५ जून १९७१

हे बँकेतून आले ते खिशातून गुलाबी कार्ड काढतच. नाट्यमंडळाचे वर्षाचे सभासद झालेत. जोडप्याचं कार्ड, तीस रुपये. वर्षात सहा नाटकं, रविवारी दुपारी साडेचारला, खुर्च्या ठरलेल्या. बँकेतल्या कोणीतरी गळ घातली, आणि यांना कोणाला नाही म्हणता येत नाही. आत्याबाई गहू पाखडत होत्या. सूप खाली ठेवलं. पुढचं ऐकायला नको म्हणून मी मोरीत गेले, पण ऐकू आलंच. हे म्हणत होते, "अगं आई, सुटी तिकिटं काढली तर दोघांची छत्तीस होतात. उलट सहा रुपये वाचले."

वाचले म्हणे! लग्नाला दहा वर्षं झाली. नाटकाला म्हणून या घराच्या बाहेर पाऊल टाकलेलं नाही. श्रीगोंद्याला शाळेत असताना गॅदरिंगला काम करायचे मी, तेही एकदा सोडून तीनदा. इथं कोणाला सांगते.

रवि. ६ जून

सासूबाईंनी निकाल दिला. सकाळी स्टोव्हला पंप मारता मारता म्हणाल्या, "सुमे, पैकं भरलं न्हवं? मंग आता जायाचं. समदी सहाच्या सहा बघायची. एक बी बुडवायचं न्हाई."

सोनईच्या शेतकऱ्याची लेक. पेरलं की राखण करायची, हा त्यांचा धर्म. मी तोंड पाडून "बरं आत्याबाई" म्हटलं. आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

रवि. २७ जून

पहिलं नाटक. आत्याबाईंनी तीनलाच घराबाहेर काढलं. टांगा नाही, चालत. पोचलो तर दार उघडायचंच होतं. नववी ओळ, कडेच्या दोन खुर्च्या. नाटक भाऊबंदकीचं. हे दुसऱ्या अंकात घोरले, मी कोपर मारलं, "अं? संपलं?" म्हणाले. शेवटी वाटणीत आई काहीच मागत नाही तिथं मला रडू आवरेना. किती दिवसांनी असं रडले, बरं वाटलं.

घरी आल्यावर आत्याबाईंचा एकच प्रश्न. "पुरतं बघितलं ना? मदीच उटून न्हाई ना आलात?"

रवि. २२ ऑगस्ट

सकाळपासून ताप. म्हटलं आज राहू दे. तर आत्याबाई काढ्याचा पेला घेऊन उभ्या. "ताप हाय तर काय झालं? नांगराला थोडीच जुपलंय. नुसतं बसायचंच हाय की." कानाला यांचा मफलर गुंडाळला आणि पाठवलं. पुढच्या बाई वळून वळून बघत होत्या. बघोत. दिवे मंद झाले, पडदा सरकला, आणि ताप कुठं गेला कळलं नाही. गोष्ट अर्धीच समजली.

सोम. २३ ऑगस्ट

पडून आहे, म्हणून लिहिते. लुगडं घ्यायचं तर विचारायचं. माहेरी जायचं तर दोन महिने आधीपासून अंदाज घेत विचारायचं. नाटकाचं मात्र विचारावं लागत नाही, उलट हाकलून देतात. आत्याबाईंच्या लेखी मौजमजा वाईट, पण पैसे वाया जाणं त्याहून वाईट. म्हणजे सहा वेळची परवानगी मला एकदमच मिळालेली आहे. यांना वाटतं यांनी सहा रुपये वाचवले. वाटू दे बापडे.

रवि. १० ऑक्टो.

हे शेवगावच्या शाखेत तपासणीला गेलेले. एक खुर्ची रिकामी जाणार. आत्याबाईंची सकाळपासून घालमेल. तीनला पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. "चल, मी येते."

लेकीला, बेबीला शेजारी ठेवलं नि निघालो. दारावर मंडळाचे चिटणीस. "आजी, हे जोडप्याचं कार्ड आहे. साहेबांच्या जागी दुसरं कोणी चालत नाही." आत्याबाई म्हणाल्या, "दुसरं कोन? त्याची आई हाय मी. ही यायच्या आधीपास्नं हाय." मागं रांग तुंबली, लोक हसायला लागले. चिटणीसांनी हात जोडले आणि सोडलं.

मध्यंतरात उठायला तयार नाहीत, खुर्ची कोणी बळकावली तर? वडा तिथंच नेऊन दिला. तिसऱ्या अंकात नटी नवऱ्याला दागिने काढून देते, तर ह्या मोठ्यांदा, "देऊ नगंस गं बाई, त्यो उडवनार हाय." अख्खं थेटर वळलं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. नवऱ्यानं दागिने उडवलेच. मग आत्याबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच दिले होते.

रवि. १२ डिसें.

लढाई. खिडक्यांना काळे कागद. आजचा प्रयोग रद्द, पुन्हा होणार नाही. आत्याबाई म्हणाल्या, "पैकं परत?" हे म्हणाले, नाही. आधी पाकिस्तानला शिव्या, मग मंडळाला. मंडळाला जास्त.

रवि. ३० जाने. १९७२

हे घरी होते तरी म्हणाले, "तू आईलाच ने. मला तिथं झोप येते, ती घरी घेतो." चिटणीसांनी आता अडवलंच नाही, "या आजी" म्हणाले. आत्याबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आलेल्या.

परतताना अर्ध्या वाटेत म्हणाल्या, "ती नाटकातली धाकटी सून लई सोसती गं. इतकं सोसू न्हाई मानसानं." मग म्हणाल्या, "मी सोसलं म्हनून सांगते." दहा वर्षांत त्या माझ्याशी असं बोलल्या नव्हत्या. तेवढ्यात भाजीवाली दिसली, आणि कोथिंबिरीच्या जुडीवरून त्यांचं नेहमीचं सुरू झालं.

बुध. २६ एप्रिल

वर्ष संपलं म्हणून यांनी जेवताना तोंडीच हिशेब मांडला. एक प्रयोग बुडाला. आई चालून दमते म्हणून परतीचा टांगा. चहा, वडे. "वाचले कुठं? गेलेच की थोडे. पुढच्या वर्षी सुटी तिकिटं काढू. चांगलं असेल तेवढंच बघायचं." बिनतोड आहे. शिवाय सोनईला आत्याबाईंच्या भावाची विहीर तळाला गेलीय. यंदाही पाऊस ओढला तर त्यांची दोन मुलं शाळेला इथं येणार, म्हणजे दोन ताटं वाढली. हे आरडाओरडा करत नाहीत, कंजूषही नाहीत. यांचं काही चुकतच नाही, मग भांडू कशावरून?

आत्याबाईंनी एवढंच विचारलं, "वाचत न्हाईत व्हय?" हे नाही म्हणाले. त्या ताट उचलून उठल्या.

रवि. ४ जून

नव्या वर्षाचं पहिलं नाटक. सकाळी चहा पिताना हे म्हणाले, "काढू का आज तिकिटं? जायचंय तुला?" अगदी सरळ, मनापासून. आणि मी म्हटलं, "नको. राहू दे."

कोणी अडवलं नव्हतं. आत्याबाईंनी मान वरसुद्धा केली नव्हती. माझीच जीभ. दुपारी साडेचारला मी गच्चीवर कुरडया उलटत होते. बेबी मध्ये मध्ये करत होती, तिला धपाटा घातला. तिचा काय दोष.

सोम. ५ जून

काल झोपेपर्यंत डोक्यात तेच. कार्ड होतं तेव्हा मला काही म्हणावं लागत नव्हतं. सुट्या तिकिटाला दर खेपेला म्हणावं लागणार, मला हवंय. जास्तीचं, चैनीचं, फक्त माझ्यासाठी. यांनी विचारलं की मी नको म्हणणार, पुन्हा विचारलं की पुन्हा नको. सुट्या तिकिटात पैसे वाचतील ते असे, मी घरी बसून. आणि बोल कोणाला लावू? सासुरवास करायला मला सासू लागत नाही, माझी मीच पुरते.

शनि. १० जून

पाऊस अजून नाही. मंडळानं पेठेत फलक लावलाय, सभासद व्हायची मुदत आज संध्याकाळी सातपर्यंत वाढवली. गिरणीतून येताना वाचला. दळणाचा डबा डोक्यावर घेऊन तिथंच किती वेळ उभी.

घरी आले. आत्याबाई लसूण सोलत होत्या. डबा खाली ठेवला आणि उभ्या उभ्याच बोलले. म्हटलं, आत्याबाई, पैसे वाचत नाहीत, मागच्या वर्षीही वाचले नव्हते. सोनईची मुलं यायचीत, तेही कळतं मला. तरी मला जायचंय. मला आवडतं.

लग्नात उखाणा घेतानासुद्धा इतका धीर लागला नव्हता.

आत्याबाईंनी सोललेली पाकळी वाटीत टाकली. म्हणाल्या, "येवढं म्हनायला तुला वरीस लागलं?"

मला एकदम रडू आलं. त्यांनी न बघितल्यासारखं केलं. पुढची पाकळी सोलत म्हणाल्या, "पन त्याला मी सांगनार न्हाई. तुजं तू सांग. पैक्याचं काई बोलू नगं, त्यात त्यो तुला हरवील. आत्ता मला म्हनलीस तसंच म्हन."

सहा वाजत आलेत. भात टाकलाय. हे लिहिते आहे ते नुसतं हाताला काम म्हणून. काय म्हणतील, काही अंदाज नाही. नाही म्हणालेच तर मग पुढं काय बोलायचं, तेही ठरवलेलं नाही. चहाच्या आधीच सांगायचं.

ओसरीवर सायकल लावल्याचा आवाज आला.