सामूहिक इच्छेची सही

वडपाडळी, ता. धुळे
२१ ऑगस्ट १९९५

ती. नाना यांस सुनंदाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

काल मी सरपंच झाले. उभ्याने वाचत असाल तर आधी बसून घ्या.

मी चुलीपुढे कळण्याच्या भाकरी थापत होते, तर बाहेर डफ वाजला. हे, तुमचे पाहुणे, दारात उभे, अंगभर गुलाल, गळ्यात हार. मला वाटलं, हेच निवडून आले. म्हणाले, मी नाही, तू आलीस. हार मात्र काढून दिला नाही.

यंदा सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं. गावाने मारुतीच्या ओट्यावर बसून बिनविरोध नाव ठरवलं. त्या ओट्यावर बायकांनी चढायचं नसतं, म्हणून राखीव बाई पुरुषांनीच निवडली. महिन्यापूर्वी ह्यांनी माझी एका कागदावर सही घेतली होती, ती रेशनकार्डासाठी नव्हती, उमेदवारीच्या अर्जासाठी होती, हे आता कळलं.

पण खरा धक्का पुढेच. संध्याकाळी आमच्या चुलतसासऱ्यांनी, भिकनआबांनी, गावाचा करारनामा वाचला. सामूहिक इच्छा काय, संमती काय! ओट्याखालून मी मान वर करून पाहिलं, तर ते लांब शेपटीचं 'ल' मला लहानपणापासून ओळखीचं. नाना, हे तुमचे उद्योग?

वहिनींना नमस्कार. लोभ करता तो असाच करा, पण असा कागदावर नको.

तुमची,
सुनंदा

०

पिंप्राळा, जळगाव
२७ ऑगस्ट १९९५

चि. सुनंदास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राने माझा चहा धोतरावर सांडला. तुझी वहिनी म्हणते, लोकशाहीचे डाग निघत नाहीत.

होय, मीच. जूनमध्ये आधारराव आले होते. म्हणाले, गावात तंटे नकोत, काहीतरी पक्कं लिहून द्या. सव्वीस वर्षं मी कॉलेजात एकच गोष्ट शिकवतोय. राज्य देवाने राजाला दिलं ही थाप अठराव्या शतकातल्या त्या केसांचे टोप घातलेल्या विचारवंतांनी पकडली. राज्य चालतं ते लोकांच्या संमतीने, आपसातल्या कराराने, असं त्यांनी मांडलं आणि तिथून आपली मतपेटी आली. सव्वीस वर्षांत या ज्ञानाचा उपयोग विचारत दारात आलेला पहिला माणूस म्हणजे तुझा नवरा. मी हुरळलो. सरपंच कोण होणार ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तत्त्वज्ञानात नावं नसतात, असा माझा समज.

चौथ्या कलमाचा मला विशेष अभिमान आहे. सरपंच सामूहिक इच्छेविरुद्ध गेला, तर लोकांना त्याला काढता यावं, म्हणून राजीनामा आधीच लिहून गावाजवळ ठेवायचा. राजांना अशी सोय लावली असती तर केवढा रक्तपात टळला असता! तो नमुनाही मीच लिहून दिला.

धक्का ओसरल्यावर छाती फुगली, हे कबूल करतो. माझ्यापुढे उजळणी म्हणणारी पोर आज सरपंच!

आशीर्वाद आहेतच, कमी पडल्यास कळवावे.

तुझा,
देवचंद

०

वडपाडळी
१६ सप्टेंबर १९९५

ती. नाना यांस सा. न. वि. वि.

तुमची छाती जरा खाली घ्या.

पहिल्या बैठकीत खुर्चीवर हे बसले आणि मी सतरंजीवर. ग्रामसेवक ह्यांनाच सरपंचसाहेब म्हणाला. मी तेही गिळलं. मग बौद्धवाड्याच्या सदस्य कलाबाई उठल्या. म्हणाल्या, आमच्याकडे साठ घरं आणि नळ एकही नाही. टाकीवरून हंडे वाहून आमच्या माना आखूड झाल्या, आता तरी पाइप पुढे आणा. बाई खणखणीत बोलते. मी बाजूने मत दिलं. चार विरुद्ध तीन मतांनी ठराव पास झाला.

दुसऱ्या दिवशी भिकनआबांनी मला बोलावून पेटीतून कागद काढला. माझा राजीनामा, फक्त तारीख घालायची बाकी. पाइप आधी मळ्याकडे जायला हवा, असं त्यांचं म्हणणं. मला म्हणाले, बठ्ठा गावनं एकच मत शे, सूनबाई. मी विचारलं, सगळ्या गावाचं, तर यात कलाबाईंच्या वस्तीचं मत धरलंय का? म्हणाले, ते लोक ओट्यावर कुठे आले होते? बोलावलं होतं का, म्हटल्यावर त्यांना खोकला आला.

नाना, कागदाखाली सही आहे ती माझी नाही. गावच्या कागदावर आमच्याकडे घराची सही एकच असते आणि ती पुरुष करतो. ह्यांनी माझं नाव घोटून लिहिलंय, खाली दोन रेघा ओढून. एवढ्या प्रेमाने माझं नाव ह्यांनी लग्नातसुद्धा घेतलं नव्हतं.

आता आबांनी तारीख घालून तो तालुक्याला धाडलाय, आणि २९ तारखेला मला पंचायत समितीच्या मोठ्या साहेबांपुढे हजर व्हायचंय. गप्प बसले तर राजीनामा लागू होईल आणि ठराव बुडेल. सही खोटी आहे म्हटलं तर साहेब विचारतील, केली कोणी? मग ह्यांच्या हातात बेड्या. तुमचे टोपवाले अशा वेळी काय सांगतात ते उलट टपाली कळवा. आणि हेही कळवा, त्यांनी संमती-संमती केलं तेव्हा बायकांना विचारलं होतं का?

माया असू द्या, उत्तरही असू द्या.

सुनंदा

०

जळगाव
२२ सप्टेंबर १९९५

चि. सुनंदास आशीर्वाद.

पुस्तकं पाहिली. नव्हतं विचारलं. बहुतेकांच्या लक्षातच बायका नव्हत्या. एकाच्या होत्या, तर त्याने त्यांना घरात का ठेवावं याची कारणं दिली आहेत. ते प्रकरण मी सव्वीस वर्षं गाळत आलो. परीक्षेला येत नाही.

माझ्याच अक्षरातला फास माझ्याच बहिणीच्या गळ्यात! दोन दिवस जेवण गेलं नाही. 'सर्व' हा शब्द मी त्या कागदावर सात वेळा लिहिला आणि सर्व म्हणजे कोण हे एकदाही विचारलं नाही.

तरी भाऊ म्हणून सांगतो, गप्प बस. आधारराव तुरुंगात गेले तर काय करशील? लोकशाही दोनशे वर्षं थांबली, नळ पाच वर्षं थांबेल. हे वाक्य लिहून मलाच लाज वाटली, पण पाठवतोय.

जमल्यास क्षमा कर.

देवचंद

०

वडपाडळी
१ ऑक्टोबर १९९५

ती. नाना यांस सा. न. वि. वि.

तुमचा सल्ला मिळाला. नळ पाच वर्षं थांबेल, हे कलाबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, त्यांना सांगा, पाच दिवस आमच्याकडे येऊन पाणी भरा, मग ठरवू.

२९ तारखेला आम्ही चौघे एकाच एसटीने तालुक्याला गेलो. पुढे आबा आणि हे, मागे मी आणि कलाबाई. साहेबांनी कागद वाचला आणि विचारलं, बाई, ही तुमची सही? मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताच्या पंख्याकडे बघत होते. कपाळावर घाम, आणि पंखा तर चालू.

मी पुढे झाले. साहेबांचं पेन मागितलं आणि त्या सहीखाली माझी केली. तिरपी, शेवटचं अक्षर खाली घसरलेलं, तुम्ही पाटीवर शिकवलेली तशीच. साहेबांनी दोन्ही पाहिल्या, चष्मा पुसला, परत पाहिल्या. मग कडक आवाजात विचारलं, वरची कोणी केली?

मी म्हटलं, साहेब, ती गावाच्या सामूहिक इच्छेने केली. करारनाम्यात तसंच लिहिलंय, ती सगळ्यांची असते. तिला अटक करायची तर ओट्यावरचे बठ्ठे घेऊन जा. कलाबाईंची वस्ती तेवढी सोडा, त्यांना बोलावलंच नव्हतं.

मग आबा म्हणाले, कागद चुकून आला, आणि हात पुढे केला. साहेबांनी तो दिला नाही, माझ्या हातात ठेवला. बजावलं, सरपंच समोर उभ्या आहेत आणि त्या राजीनामा देत नाहीत. पुन्हा असा कागद आला तर मी दुसऱ्यांदा विचारणार नाही, पोलीस विचारतील.

परतताना गावाच्या फाट्यावर हे माझ्याजवळ आले. तिथे हळूच म्हणाले, तू मला वाचवलंस. मी म्हटलं, खुर्ची रिकामी करा, मग फिटंफाट. काल मी खुर्चीवर बसले. फार टणक आहे हो.

बारा तारखेची ग्रामसभा कलाबाईंच्या अंगणात आहे, तिथे ओटा नाही. त्यांना तुमच्याकडून एकच उत्तर हवंय, सर्व म्हणजे कोण? टोपवाल्यांना विचारू नका, स्वतः या. सतरंजीवर जागा ठेवते.

लोभ हवाच, आता सल्ला मी देईन.

सुनंदाबाई आधार
सरपंच

ता. क. पाकिटावरचा पत्ता मी मुद्दाम ह्यांच्याकडून लिहून घेतलाय. राजीनाम्यावरच्या सहीचं अक्षर तेच आहे, आणि तो कागद माझ्या पेटीत आहे. तुम्ही हे पाकीट नीट जपून ठेवा.