गाणे ऐकले, मत पुढीलप्रमाणे

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळ.

आधी वहीची माफी मागतो. पाडव्याला मुहूर्त साधून तुला विकत घेतली आणि पहिले पान आज लिहितो आहे. मध्ये चष्मा सापडत नव्हता. तो सापडला तर पेन सापडेना. दोन्ही सापडले तेव्हा मूड गेला. असो. यापुढे रोज लिहिणार.

निमित्तही तसेच आहे. नात उत्कर्षा दिवाळी करून बंगळूरला नोकरीवर परत गेली. जाताना आमच्यात करार झाला. रोज एक गाणे तिने मला पाठवायचे, एक मी तिला. तिने नव्या जमान्याचे, मी जुन्याचे. पूर्ण ऐकायचे आणि खरे मत कळवायचे. उगाच गोड बोललेले चालणार नाही आबा, असे बोट नाचवून म्हणाली. मी म्हणालो, मला खोटे जमतच नाही.

मनात म्हटले, पोरीला गुरू बरा मिळाला. नोकरीभर कारखान्याच्या भजनी मंडळात टाळ वाजवला. रिटायर झालो तरी दर गुरुवारी कोथरूडहून बस बदलून खडकीला जातो आणि वाजवतो. सगळे मंडळ माझ्या टाळावर चालते. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण कान ग्रॅज्युएट आहे.

दुसरा संकल्प: बाथरूमचा नळ दुरुस्त करणे. सौ. शैला म्हणते, ठिबकतो. मी उभा राहून नीट ऐकले. काहीही आवाज नाही. म्हणजे ठिबकत नसावा. तरी करू.

४ नोव्हेंबर

तिचे पहिले गाणे आले. लो-फाय म्हणून प्रकार आहे. मोबाईल कानाला लावला, आवाज फुल केला, तरी लांब कुठेतरी लग्नाचा मांडव असावा इतपतच कळले. मोबाईलचा स्पीकर गेला आहे. शब्द तर एकही नाही.

कळवले: छान. ताल पक्का. शब्दांवर मेहनत हवी.

तिचे उत्तर: आबा, यात शब्दच नाहीत! पुढे हसरे चेहरे. म्हणजे माझे निरीक्षण बरोबर निघाले.

आता मी काय पाठवावे? सोसायटीत ज्येष्ठ नागरिक संघाचा बोर्ड आहे, त्यावर कुठल्याशा संगीत सभेचा कागद लावला आहे. रागांची नावे आयती मिळाली. पहिले नाव यूट्यूबवर शोधले आणि जो व्हिडिओ सगळ्यांत लांब होता तो पाठवला. लांब म्हणजे भारी. मी स्वतः ऐकला नाही. राग सकाळचा की रात्रीचा हे बोर्डावर नव्हते, अवेळी ऐकणे बरे नव्हे.

७ नोव्हेंबर

दोन दिवस लिहिणे राहिले. कारण आठवत नाही, पण होते.

चिरंजीव फोनवर शैलाला म्हणाला म्हणे, की बाबांना मशीन लावायला सांग. उन्हाळ्यात त्याने मला कानाचे मशीन आणून दिले होते. कपाटात व्यवस्थित ठेवले आहे, डबीसकट. चांगली वस्तू रोज वापरून खराब कशाला करायची? आणि मला ऐकू येते. लोकच हळू बोलतात. पुण्याची माणसे मूळचीच पुटपुटतात, टोमणा मारायचा असला की जास्तच.

मात्र गाण्यासाठी आज एक पद्धत शोधली. अगदी शास्त्रीय. मोबाईल ओट्यावर पोह्यांच्या डब्याला टेकवून लावायचा आणि शैलाकडे बघत बसायचे. उलथने भराभर चालले तर ताल पक्का. मान हलली तर चाल गोड. भुवया वर गेल्या तर शब्द आक्षेपार्ह. आज उत्कर्षाने रॅप पाठवला होता. भुवया पार वर गेल्या.

कळवले: तरुणाईचा राग समजतो. भाषा जरा आवरावी.

तिने लिहिले, वा आबा, एकदम करेक्ट!

११ नोव्हेंबर

पद्धत उत्तम चालू आहे. मेटल नावाचे गाणे आले तेव्हा शैलाने खिडकी लावून घेतली. कळवले: आवाज मोकळा आहे. कव्वाली आली तेव्हा तिने कणीक मळताना ठेका धरला. कळवले: बैठक पक्की.

ती हल्ली बोललेले मेसेजही पाठवते. त्यांना मी सरसकट ‘बरोबर आहे’ असे उत्तर देतो. आतापर्यंत कुठे अडले नाही. खरे म्हणजे बहुतेक माणसांना एवढेच उत्तर हवे असते.

शैलाने विचारले, अहो, रोज मोबाईल माझ्यापुढे ठेवून माझ्या तोंडाकडे काय बघत बसता? मी म्हणालो, सवय. बराच वेळ खूश होती. नळाचे मात्र पुन्हा काढले.

१४ नोव्हेंबर

काल मंडळ. मैनुद्दीन ढोलकीला होता. हा माझा कारखान्यातला दोस्त, प्रेस शॉपला माझ्या शेजारच्या मशीनवर होता. हिंदू पेन्शनरांच्या भजनाला याची ढोलकी नसली तर भजन उभेच राहत नाही. तोही कानाचे मशीन वापरतो आणि वर नवे घड्याळ दाखवावे तसे सगळ्यांना दाखवतो. याला कमीपणा वाटत नाही, कमाल आहे.

त्याला करार सांगितला. तो म्हणाला, दीनानाथराव, राग कसले पाठवता पोरीला? तुम्ही डबा धुताना नळावर गुणगुणायचात ते पाठवा की. अख्खा प्रेस शॉप थांबायचा. मी विषय बदलला.

ते दंडारीचे गाणे. आमचे गाव साकोलीकडचे. तिकडे मंडई म्हणजे भाजीची नव्हे, दिवाळीनंतरची जत्रा. त्या दिवशी गावात दंडार उभी राहायची. गडी माणसे गाणार, नाचणार, बाईचे सोंगही गड्यानेच घ्यायचे. दोन वर्षे मी घेतले होते. लुगडे नेसून. हे पुण्यात कोणाला ठाऊक नाही, शैलालाही अर्धेच ठाऊक आहे. नोकरीला आलो तेव्हा कोणीतरी हसले होते, म्हणून ते सगळे तिकडेच ठेवले. ते काय संगीत आहे? इथे कोथरूडात लोक बागेत फिरताना रागांबद्दल बोलतात. त्यांच्यात मी उठून दिसतो, कारण मी मध्ये बोलत नाही.

दाढी करताना मात्र तोंडात येते. त्याला इलाज नाही.

१७ नोव्हेंबर

उत्कर्षाने लिहून विचारले, आबा, तुम्ही दाढी करताना काय गाता?

कळवले: रियाज.

आता आठवले. दिवाळीत मी दाढी करत असलो की ती बाथरूमबाहेर मोबाईल पुढे धरून उभी असायची. मला वाटे नंबर लावला आहे. मी हातानेच सांगायचो, झालेच, होते आहे रिकामे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपार.

आज पद्धतीचा मोठा विजय. सविस्तर लिहितो.

गाणे आले. बरोबर बोललेला मेसेज, लांबलचक. खाली लिहिले होते: आबा, हे नीट ऐका, मग खरं सांगा. तुम्ही म्हणाल तसं. मेसेजला नेहमीप्रमाणे ‘बरोबर आहे’ दिले आणि गाणे ओट्यावर लावले. एक घोगरा पुरुषी आवाज आहे एवढे माझे मलाच कळले.

शैला वांग्याची भाजी परतत होती. गाणे सुरू झाले आणि उलथने थांबले. पुन्हा चाललेच नाही. ती स्टुलावर बसली. मग पदर डोळ्यांना लावला. भाजी खाली लागली, धूर झाला, तरी उठेना. माझ्याकडे बघून काहीतरी बरेच बोलली. मी म्हणालो, हो हो, ऐकले.

निकाल उघड होता. इतके वाईट गाणे तिने आजवर पाठवले नव्हते. खोटे चालणार नाही असे ठरले होते, तेव्हा स्पष्ट कळवले:

गाणे ऐकले. मत पुढीलप्रमाणे. गाणारा म्हातारा बेसूर आहे. ताल नाही. कुठल्या खेडवळाला धरून आणले आहे? या गाण्यापायी आमची भाजी करपली. असे चार लोकांत लावू नये. म्हाताऱ्याला घरी बसवावे.

एवढे सडेतोड मत मी प्रथमच दिले. खरा गुरू असाच असतो.

२४ नोव्हेंबर

उत्तर नाही. गाणेही नाही. माझ्या मतावर विचार करत असेल. मी तीन राग पाठवून ठेवले.

शैलाही बोलत नाही. किंवा बोलत असेल.

२६ नोव्हेंबर

काही नाही. मोबाईल बंद करून चालू केला. शेजारच्यांना मेसेज पाठवायला लावला, तो आला. म्हणजे मोबाईलचा दोष नाही. आज मी ओट्यासमोर उगाच बसलो. शैला म्हणाली असावी, की आता कशाला बसलात.

नळ उद्या नक्की.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहू नये असे वाटते. लिहितो.

काल मंडळ सुटल्यावर मैनुद्दीनने माझे तोंड बघून विचारले, काय झाले? मी सांगितले की पोरीने गाणी बंद केली. त्याने मोबाईल मागितला, शेवटचे गाणे आणि तो बोललेला मेसेज स्वतःच्या मशीनवर ऐकला. गाणे चालू असताना त्याची बोटे मांडीवर चालू होती. मेसेज ऐकला आणि बोटे थांबली. मग भजनाच्या कागदामागे मेसेज मोठ्या अक्षरात लिहून माझ्यापुढे ठेवला.

आबा, हा तुमचाच आवाज आहे. दाढी करताना चोरून घेतला, सॉरी. खाली माझे बीट्स आहेत. आमच्या ऑफिसात पुढच्या शनिवारी, २९ तारखेला संध्याकाळी कार्यक्रम आहे, तिथे लावावंसं वाटतं. पण तुम्ही हे गाणं कोणापुढे गात नाही. तुम्ही हो म्हणालात तरच लावीन.

मैनुद्दीनने विचारले, मग काय कळवलंत? मी मत दाखवले. त्याने ते वाचले. आधी इतका हसला की ढोलकी मांडीवरून घरंगळली. मग हसायचा थांबला. म्हणाला, दीनानाथराव, स्वतःला इतकं स्पष्ट ओळखलेला माणूस मी पाहिला नाही. पण पोरीला कसं कळणार, की तुम्हाला हे तुम्ही आहात हेच कळलं नव्हतं? तिला वाटलं असेल, आजोबाला आपल्या गावाची लाज वाटते.

हे तो माझ्या कानाशी ओरडून म्हणाला. बसस्टॉपवर होतो. बरीच माणसे वळून बघत होती.

घरी येऊन शैलाला म्हणालो, तू सांगितले का नाहीस? ती म्हणाली, तेव्हाच तर सांगितलं. अहो, हे तुम्ही आहात, असं दोनदा म्हटलं. तुम्ही म्हणालात, हो हो, ऐकलं. मला वाटलं, एकदा तरी खरंच ऐकलं असेल.

उत्कर्षाने गाणे कार्यक्रमातून काढून टाकले, हे शैलाला आधीच माहीत होते. आबांना नाही आवडलं, विषय संपला, असे म्हणाली म्हणे.

आज सकाळी फोन लावला. ठरवले होते, आधी माफी, मग खुलासा. तिने उचलला. मी बोलायच्या आधीच तीच काहीतरी बोलली. मला एक शब्द कळेना. घाबरलो. तोंडातून नेहमीचे गेले: बरोबर आहे. फोन कट झाला.

शैला शेजारीच होती, स्पीकर चालू होता. मी विचारले, काय म्हणाली ती? शैला म्हणाली, तुम्हाला त्या गाण्याची लाज वाटते ना आबा, असं विचारलं तिने.

आणि मी म्हणालो, बरोबर आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार. सकाळ.

कपाटातून डबी काढली. शैलाने मशीन लावून दिले. आधी चुकीच्या कानात लावले. मग बरोबर लागले आणि घरात केवढी तरी गर्दी झाली. फ्रीज बोलतो. माझ्याच चपला फरफटतात. पेपर उलटला तर दचकलो. शैला भांडी लावताना स्वतःशी बोलते, सगळे माझ्याबद्दलच. बरीच वर्षे बोलत असावी. काही टोमणे खरोखर चांगले आहेत, वाया गेले.

मग गाणे लावले. ओट्यावर नाही, हातात धरून.

पहिल्या ओळीतच माझा श्वास चुकतो. वस्तरा हनुवटीखाली असावा. दुसरा कोणी असता तर तेवढे कापून टाकले असते. तिने श्वास तसाच ठेवला आहे आणि तो सुटतो तिथूनच ढोल सुरू होतात. मागे सारखे टिप, टिप असे चालू असते. तेही तिने तालाला घेतले आहे. तो आमचा नळ. म्हणजे ठिबकतो. आणि या सगळ्या गाण्यात एकटा नळच तालात आहे, मी नाही. मी पुढे पळतो आणि तिचे ढोल माझ्यामागे धावून मला सांभाळून घेतात. मंडळात मैनुद्दीन इतकी वर्षे हेच करत आला असणार. येत्या गुरुवारी मशीन लावून जायचे धाडस होईल असे वाटत नाही.

म्हणजे महिनाभरात मी एकच मत बरोबर दिले. म्हातारा बेसूर आहे. ताल नाही. एवढे कायम. बाकीचे मागे घेतो.

प्लंबर दारात उभा होता, शैलाने बोलावलेला. परत पाठवला. ती म्हणाली, आता काय? मी म्हणालो, राहू दे तसाच. यावर ती पुटपुटली, ते मला ऐकू आले. लिहीत नाही.

फोन करायची हिंमत नाही. मेसेज लिहिला. चार वेळा खोडून लिहिला तो असा:

गाणे ऐकले. आज पहिल्यांदाच ऐकले. आधीची सगळी मते तुझ्या आजीच्या उलथन्याची होती. मशीन लावले आहे. लाज नाही वाटत. म्हणजे वाटायची. दंडारीत मी लुगडे नेसून नाचत असे, तेही कार्यक्रमात सांगितलेस तरी चालेल. माझे नाव सांग, गावाचेही सांग. हो म्हणतो. हो. आज संध्याकाळी लाव.

गेला. दोन बरोबरच्या खुणा आल्या. निळ्या नाहीत.

मोबाईल पोह्यांच्या डब्याला टेकवून समोर बसलो आहे. शैलाने गॅस बारीक केला.

बाळा, एक शब्द पाठव. बोललेला पाठवलास तरी चालेल. आता ऐकू येते. फक्त लवकर पाठव, मशीनची बॅटरी कधी संपते ते अजून मला माहीत नाही.