वाकडे नखुले

सिडको, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, २२ एप्रिल

चि. कडूबाईस आक्काचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. गुडघा बरा हाय, कैऱ्या उतरवल्या, वाचून बरं वाटलं. इथं समदे खुशाल. सुदर्शनची बदली बिडकीनच्या कारखान्यात झाली, सकाळी जातो तो दिवेलागणीलाच येतो. सूनबाई तनुजा कंपनीचं काम घरूनच करती, आतल्या खोलीत दार लावून. उरलो मी आणि साडेतीन वर्षांची नंदू. फोन करत नाय म्हणून तू रुसलीस. अगं, हॉलमधी कॅमेरा लावलाय, त्यात बोलणंबी ऐकू जातं. म्हणून कागद घेतला. खालच्या कालिंदीबाई पोस्टात टाकतील.

माझं सोयगावचं घर शाळेच्या मास्तरला भाड्यानं द्यायचं का, किल्ली देऊ का, हे तू दोनदा विचारलंस. त्याचं शेवटी लिहिते.

फ्रीजवर एक तक्ता चिकटवलाय. पोरीला मोबाइल दाखवायचा नाय, तिच्या बोटांना वळण लागावं म्हणून रोज एक खेळ घ्यायचा. कधी मणी ओव, कधी चिमट्यानं हरभरे उचलून वाटीत टाक. पहिल्या दिवशी ताटात तूर, मूग, चवळी एकत्र दिसली. मला वाटलं सांडली असंल. निवडली, धुतली आणि कुकरला लावली! तनुजा हसली खरी, पण दुसऱ्या दिवशी डब्यावर ‘खेळ’ अशी चिठ्ठी आली. आता रोज निवडायचं आणि निवडलेलं परत मिसळायचं. आपल्या मायनं बघितलं असतं तर पाठीत रट्टाच घातला असता.

पोर गुणाची हाय, सून पण वाईट नाय. पण दिवस जाता जात नाय गं. दोन महिन्यांसाठी आले होते, हा दुसरा उन्हाळा. खाली जायचं तर नंदूला घेऊन, आणि नंदूला घेऊन जायचं तर ऊन. गॅलरीच्या जाळीतून समोरच्या गच्चीवरची वाळवणं बघत बसते. जीव कोंडतो माझा.

मागच्या आठवड्यात तक्ता बाजूला ठेवला आणि खिरीचे नखुले करायला घेतले. आपण दोघी चैत्रात करायचो तसेच. भिजवलेल्या पिठाची हरभऱ्याएवढी गोळी घ्यायची, नखावर दाबायची, अलगद सरकवायची. नंदूला एका दुपारीत जमलं. एकाच ताटात दोघींनी केले. तनुजा बाहेर आली, फोटो काढला. एका बाजूचे नखुले सुरेख, दुसऱ्या बाजूचे चेपलेले, वाकडे. त्या वाकड्यांवर बोट ठेवून ती नंदूला म्हणाली, “पहिल्यांदाच केलेस ना बाळा, जमतील हळूहळू.”

कडू, ते वाकडे माझे होते.

नंदूनं माझ्याकडं बघितलं आणि गप राहिली. मीच तिला तसं शिकवलंय. दिवाळीपासून माझा उजवा हात थरथरतो. चहाचा कप मी भरून घेतच नाय. ‘आजीचा हात नाचतो ते कुणाला सांगायचं नाय’ असं मी तिला बजावलं. एवढ्याशा लेकराला लपवायला लावलं, त्याची मला लई लाज वाटते.

आणखी एक सांगते. खेळांत बटनं-हुकांची एक कापडी पाटी हाय. त्या पाटीवर नंदूचा हात बसला आणि मी तिला माझ्या कामाला लावलं. सकाळी आमच्या खोलीत माझ्या पोलक्याचे पाची हूक तीच लावती, जीभ दातांत धरून, एकेक करून.

सांगून टाक, असं तू म्हणशील. सांगितलं तर सुदर्शन मला सोयगावला पाठवायचा नाय, गॅसपाशी एकटी कशी राहशील म्हणंल. नाय सांगितलं तर धडधाकट हायेस, राहा की, असं म्हणतोच हाय. दोन्हीकडून कडी लागलीय. जूनमधी नंदूची शाळा लागंल. सातला गाडी येणार, तेव्हा सकाळी आमच्या खोलीत तिचं आवरायला तिची आई असणार, मग गुपचूप हूक कोण लावणार? आणि साडेदहाला पोर परत येणार, म्हणून मी इथं पाहिजेच.

तर घराचं. मास्तरला किल्ली देऊ नको. तुझे मालक गेले तेव्हा तू म्हणाली होतीस, आक्का, दोघी एकत्र राहू. मी तोऱ्यात बोलले, माझे हातपाय धड हायेत, मला कुणाची गरज नाय. तू रडत गेलीस आणि मी हाक मारली नाय. ते बोलणं मी माघारी घेते. किल्ली तुझ्यापाशीच हाय, तूच राहायला जा. मग इकडं ये. तुझ्यासमोर मी सुदर्शनला हात दाखवीन. एकटी नाय म्हणल्यावर तो अडवायचा नाय.

नंदूला सोडून यायचं सोपं नाय. पण हूक लावायला मी तिला किती दिवस धरून ठेवू?

अक्षर असं का, ते आता तुला कळलं असंल. एवढं लिहायला तीन दुपारी लागल्या. तू लांबलचक उत्तर लिहू नको. रोज सकाळी पाच हूक लावशील का, तेवढंच कळव.

तुझ्या होकाराकडं डोळे लावून बसलेली,
आक्का