चाळीसात चार

२ ऑगस्ट १९८२
बोअरची गाडी येणार! पण बोअर एकच मिळणार. पंधरा तारखेला लातूर जिल्हा वेगळा होतोय अन् गाडी उस्मानाबादची – पुन्हा येईल न येईल. जागा दोन: देवळापुढं, नाहीतर आमच्या बौद्धवस्तीजवळचा माळ. सरपंच शेषेराव म्हणाले, "मास्तर, हिशेब तुम्हीच करा."

३ ऑगस्ट
देवळापुढच्यासारख्या जमिनीतले दहा बोअर स्वतः पाहून आलो. आठांना पाणी, पण दिवसाला तीनशेच घागरी. दहांत मिळून चोवीसशे. एकाच्या वाट्याला दोनशे चाळीस. माळावरच्या बोअरचं रेणापूरला जाऊन बोअरच्या गाडीवाल्या जहांगीरला विचारलं. "दहात चारला लागतं मास्तर, पण लागलं की दीड हजार!" म्हणजे सहा हजार भागिले दहा – सहाशे. कुठं दोनशे चाळीस, कुठं सहाशे!

४ ऑगस्ट
बैठकीत मांडलं. मागून कुणीतरी – "मास्तरचं गणित बरं मास्तरच्याच दाराशी येऊन थांबलं!" सगळे हसले. मीही हसलो. तरी माळ ठरला. घरी सांगितलं तर पंचशीला रडलीच. लग्न झाल्यापासून देवळाच्या आडावर लांब उभी राहते. कुणी ओतलं तर घागर भरते.

५ ऑगस्ट
जीव थाऱ्यावर नाही. गाडी आली. जहांगीरला चहा दिला, सहज विचारलं – एवढे बोअर ध्यानात कसे राहतात?
"जेवनावरून! पानी लागलं की गाव कोंबडं कापतं. सुका गेला तर चहा बी न्हाई. कोन याद ठेवतं?"
म्हणजे सुके त्यानं मोजलेच नव्हते! मग माळावरचे बोअर गावागणिक आठवायला लावले. चाळीसात चार! म्हणजे दहात एक. दीड हजार भागिले दहा – दीडशे.
खोटं बोलणार नाही, असं वंदनेत रोज म्हणतो. गप्प बसणं त्यात येतं का?
पंचशीलाला सांगितलं. "तुम्हाला कुणी विचारलंय का?" एवढंच बोलली अन् चूल फुंकत बसली.

६ ऑगस्ट
सकाळीच शेषेरावांना सगळं सांगितलं, कोंबड्याच्या गोष्टीसकट. म्हणाले, "मास्तर, दारचं पाणी चाललं की तुमच्या!"
"हाव, चाललं."
गाडी देवळाकडं वळली. पंचशीलानं घागर उचलली अन् आडाकडं निघाली.

७ ऑगस्ट
कोरडा गेला. दहातल्या त्या दोन कोरड्यांपैकी!
तरी शेषेरावांनी देवळापुढं पंगत मांडली. जहांगीरला भाकरी वाढत म्हणाले, "हा सुका बी याद ठेव."
त्याच्या शेजारचं पान माझं होतं.